एकशे एकतीस वेळा

नंदिनीला आजरेकरांनी सून करून घेतलं ते तिच्या हातचे पोहे खाऊन नव्हे, तिचा पेपर तपासून. एम.एस्सी.ला संख्याशास्त्र शिकवणारे प्राध्यापक यज्ञेश्वर आजरेकर, ज्यांना घरचे नि बाहेरचे सगळेच तात्या म्हणत, त्यांनी तो पेपर दोनदा वाचला, नव्वद गुण दिले, आणि पुढच्या रविवारी ते एस.टी.त बसून थेट गडहिंग्लजला तिच्या वडिलांपुढे जाऊन टेकले. म्हणाले, "मुलीला माझ्याकडे पीएच.डी. करायचीय आणि तुम्ही तिच्यासाठी स्थळं बघताय असं कळलं. मग माझाच मुलगा करा. हुंडा नको, मानपान नको. एकच अट, तिचा प्रबंध पुरा झाला पाहिजे." वडिलांना आभाळ ठेंगणं झालं. एकोणीसशे बहात्तर साल, कारकुनाची तिसरी मुलगी, आणि समोर प्राध्यापक चालून आलेला. आता सांगा, असा सासरा कुणाला मिळतो?

कुणाला नाही मिळत. आणि नंदिनीची सगळी पंचाईत तिथंच होती.

शिवाजी पेठेतल्या त्या पहिल्या मजल्यावरच्या चार खोल्यांत सहा वर्षं ती या उपकारांखाली वावरत होती. तात्यांनी माईंना सांगून तिला सकाळच्या स्वयंपाकातून सोडवलं होतं. तात्यांनी स्वतः शब्द टाकून तिला कॉलेजात तासिकेवर लावलं होतं. मूल होत नाही म्हणून बायका कुजबुजायला लागल्या तेव्हा तात्यांनी जिन्यात उभं राहून सुनावलं होतं, "तिच्या पोटात प्रबंध आहे, आधी तो होऊ दे." सगळी पेठ हसली, पण पुन्हा कुणी तोंड उघडलं नाही. नवरा नृसिंह विमा कंपनीत कारकून, मनानं लोण्यासारखा, पण वडिलांपुढे "हो तात्या" याच्या पुढं त्याची गाडी कधी गेली नाही. आणि माई, सासूबाई, दिवसातून एकदा तरी म्हणायच्याच, "ह्यांच्यासारखा सासरा होता म्हणून हो." टोमणा नव्हता तो. खरंच तसं वाटत असे त्यांना. टोमणा असता तर नंदिनीनं मनातल्या मनात दोन शिव्या तरी हासडल्या असत्या.

तर प्रबंधाचा विषय काय होता ते सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. घाबरू नका, भाकरीएवढा सोपा आहे. दोन बायका दहा-दहा भाकऱ्या थापतात. दोघींच्या भाकरीचं सरासरी वजन सारखंच भरतं. पण एकीच्या दहाही भाकऱ्या एका मापाच्या, आणि दुसरीची एक ताटाएवढी तर एक बशीएवढी. सरासरी सारखी, पण दुसरीचा पसारा मोठा. या पसाऱ्याला शास्त्रात व्हेरिअन्स म्हणतात. तात्या मात्र वर्गात नि घरीही पसाराच म्हणायचे, आणि माई आतून म्हणायच्या की यांच्या टेबलावर बघा म्हणावं. आता दोन-चार गटांचे पसारे खरोखर वेगळे आहेत, की नशिबानं तसे दिसतायत, हे ठरवायच्या निरनिराळ्या कसोट्या आहेत. कुठली कसोटी खरं बोलते आणि कुठली उगाच बोंब मारते, त्यांची तुलना, हा नंदिनीचा प्रबंध.

विषय अर्थातच तात्यांनी दिलेला. कारण या प्रांतात तात्यांचं नाव होतं. एकोणसाठ सालच्या हंगामात त्यांनी पाच गावांतल्या गुऱ्हाळांवर फिरून गुळाच्या रव्यांची वजनं घेतली होती. रवा म्हणजे बादलीत फडकं घालून थापलेली गुळाची ढेप. मग त्या वजनांवर त्यांनी या कसोट्यांपैकी एक, बार्टलेटची, लावली आणि एकसष्ट साली निबंध छापला: चार गावांचा पसारा सारखा, कोडोलीचा मात्र फार मोठा, कोडोलीच्या गुळव्याचा, म्हणजे गूळ करणाऱ्याचा, हात एकसारखा नाही. तो निबंध कलकत्त्याच्या मोठ्या संख्याशास्त्र संस्थेत वाचला गेला, तिथून एक पत्र आलं, ते पत्र चौकटीत घालून बाहेरच्या खोलीत लागलं. कॉलेजात पोरं त्यांना मागून बार्टलेट आजरेकर म्हणायची. ते त्यांना ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

तात्यांना वाटत होतं की सुनेच्या प्रबंधात सगळ्या कसोट्या रांगेत उभ्या राहतील आणि बार्टलेट पहिला येईल. म्हणून कौतुकानं त्यांनी आपली जुनी वही तिच्या हवाली केली. "खरी वजनं वापर. पुस्तकातली खोटी उदाहरणं नकोत," म्हणाले.

त्या वहीत कोडोलीच्या पानावर चार आकड्यांपुढं बारीक अक्षरात "दे." असं लिहिलेलं होतं. ते चारही रवे शेजारच्या रव्यांच्या निम्म्यानं भरत होते. नंदिनीनं विचारलं.

"देशी उसाचा रवा," तात्या म्हणाले. "तिथल्या माणसानंच सांगितलं तसं."

नंदिनीनं मान डोलावली. पण ती गडहिंग्लजची. लहानपणी गुऱ्हाळावर गरम गूळ चाटून जीभ भाजून घेतलेली. एका काहिलीत सगळा रस एकत्र उकळतो. त्यातून एकच रवा देशी उसाचा निघेल तरी कसा? हे तात्यांच्या लक्षात आलं नसावं, कारण पेठेतल्या माणसाला गूळ माहीत तो डब्यातला.

जानेवारीत ती कोडोलीला गेली. वहीत गुळव्याचं नाव होतं, आकाराम. सापडला तो काहिलीपाशी नाही, चरकापाशी, रस काढायला त्यात ऊस सारताना. साठीच्या पुढचा, कानाला मफलर गुंडाळलेला.

"कुठनं आलाय पावणं?"

नंदिनीनं आपली ओळख सांगितली, वहीचं पान दाखवलं, आणि "दे." म्हणजे काय ते विचारलं.

"त्यो देवाचा रवा," आकाराम म्हणाला. "काहील उतरली की पैला रवा देवाचा. त्यो हातानं घालायचा, चार थाप्या गूळ. तोलून न्हाय. देवाला तोलून कोन देतंय?"

"मग तुम्ही तात्यांना, म्हणजे तेव्हा वजनं घ्यायला आले होते त्या साहेबांना, हे सांगितलं नाही?"

"सांगिटलं की. चरकाचा ह्यो दंगा. सायेब म्हनलं, देशी व्हय? मला वाटलं देवाचा व्हय म्हनत्यात. म्या म्हनलं, व्हय. त्येनी लिवून घेटलं."

"आणि बाकीच्या गावांत? तिथंही देवाचा रवा घालतात?"

"समद्या गावात घालत्यात. देव काय कोडोलीलाच हाय का?"

म्हणजे गोष्ट उघड होती. सगळ्या गावांत तो हलका रवा होता. फक्त तात्यांनी ढिगातून उचललेल्या रव्यांत कोडोलीला चार आले, बाकीच्या गावांना एखादाच आला. निव्वळ नशीब. नंदिनी वही मिटून निघणार तेवढ्यात आकारामनं विचारलं, "त्या कागदात माझ्या हाताचं कायतरी छापलतं न्हवं? मास्तरानं वाचून दावलं. तवापास्नं मला काहिलीवर कुनी बलिवलं न्हाय. अठरा वर्सं चरकावर हाय. ते खोडनार का आता?"

"हो," नंदिनी म्हणाली. "खोडणार."

बोलून तर बसली.

आता कुणी म्हणेल, ते चार रवे काढून टाका की झालं. पण बाकीच्या गावांत "दे." लिहिलंच नव्हतं, कुठला रवा देवाचा आणि कुठला माणसाचा, हे वीस वर्षांनी कोण सांगणार? शिवाय जगात सगळीकडेच कुठे ना कुठे देवाचा रवा असतोच. तेव्हा कसोटीच अशी हवी, जी त्याच्यानं बिचकणार नाही. बार्टलेट बिचकतो. तो प्रत्येक वजनाचं सरासरीपासूनचं अंतर घेतो आणि त्याचा वर्ग करतो; दहा पावलं लांबचा रवा त्याला शंभर पावलं लांब दिसतो. कॉलेजच्या ग्रंथालयात बोटीनं वर्षभर उशिरा येणाऱ्या एका नियतकालिकात नंदिनीला लेव्हीनच्या कसोटीची नवी तऱ्हा सापडली होती. ती वजनानं लावलेल्या ओळीत मधोमध असणाऱ्या रव्यापासून अंतर मोजते आणि वर्ग करायच्या भानगडीत पडत नाही. दहा पावलं ती दहा पावलं.

नंदिनीनं मग चौदा महिने फॅसिट या आकडेमोडीच्या यंत्राचा दांडा फिरवला. यादृच्छिक अंकांच्या तक्त्यावरून तिनं कागदावर पाच-पाच गावांचे ढीग रचले, सगळ्यांचा पसारा मुद्दाम सारखा ठेवलेला, मध्ये मध्ये देवाचे रवे पेरलेले. असं चारशे वेळा. पसारे सारखेच असल्यामुळे कसोटीनं "वेगळे आहेत" असं ओरडायचं कारणच नाही. शास्त्र चारशेत वीस वेळा चूक माफ करतं. लेव्हीनची कसोटी एकोणीस वेळा चुकली. बार्टलेटची एकशे एकतीस वेळा.

तो आकडा आला तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. माई शेवया वाळत घालत होत्या. नंदिनीनं दांडा सोडला. शोध लागल्याचा आनंद तिला झालाच नाही. तीन कोष्टकं आणि एकोणीस पानं, पाचवं प्रकरण, ते प्रबंधाचं हृदय होतं. ते काढलं तर प्रबंध म्हणजे नुसती साल. आणि ठेवलं तर ज्या माणसानं तिला उचलून इथं आणलं, त्याच्या आयुष्यातल्या एकुलत्या एक कीर्तीवर तिनं भर चौकात बोळा फिरवायचा. प्रबंधावर मार्गदर्शकाची सही लागते. मार्गदर्शक तेच. घरातून पळून कुठं जायचं, तर वडील म्हणणार, अशा देवमाणसाला दुखावून आलीस?

सांगायचा प्रयत्न तिनं केला नाही असं नाही. एकदा चहाच्या वेळी "तात्या, ते कोडोलीच्या वजनांचं" एवढं बोलली. तात्या कपाकडे हात नेत होते, तो कपाच्या शेजारी पडला. त्यांनी चाचपून कपाचा कान शोधला आणि हसले.

"मोतीबिंदू पिकलाय दोन्हीकडे," म्हणाले. "कुणाला बोलू नको इतक्यात. माई रडत बसेल. आता मला जे दिसतं ते तुझ्या डोळ्यांनी, नंदू. काय म्हणत होतीस?"

"काही नाही. टाइप करायला टाकू का म्हणत होते."

"टाक की."

टाइप झालं. सहा प्रती. इंग्रजीत, स्वच्छ, पाचव्या प्रकरणासकट. त्या काळात ती रोज सकाळी तात्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायला लागली होती, मग ओघानंच प्रबंधही वाचून दाखवायचा ठरला. तात्या खुर्चीत डोळे मिटून बसत, हाताची बोटं गुंतवून. पहिली चार प्रकरणं चार दिवसांत झाली. "छान," "इथं स्वल्पविराम आहे ना?" "वा." पाचव्या दिवशी नंदिनीनं पान उलटलं. देवाच्या रव्याचा परिच्छेद पहिलाच होता. तो तिनं गाळला. आवाजात काही फरक पडला नाही. मग पुढं वाक्य आलं, बार्टलेटच्या कसोटीनं चारशेपैकी एकशे एकतीस वेळा चुकीचा कौल दिला. तिनं तोंड उघडलं, आणि तिचं तिलाच ऐकू आलं: "लेव्हीनच्या कसोटीनं चारशेपैकी एकशे एकतीस वेळा चुकीचा कौल दिला."

तात्यांनी डोळे उघडले. त्या दुधी डोळ्यांत पाणी होतं. "एकशे एकतीस?"

"हो, तात्या."

"आणि बार्टलेट?"

"एकोणीस."

"अगं, मी तुला तेव्हाच म्हणालो होतो. नवीन नवीन काढतात लोक, पण पाया तो पायाच." आणि मग, अगदी हळू: "वीस वर्षं मनात धाकधूक होती हो. बोललो नाही कुणाजवळ. पुढं वाच."

एकोणीस पानं तिनं तशी वाचली. जिथं बार्टलेट तिथं लेव्हीन, जिथं लेव्हीन तिथं बार्टलेट. सोपं होतं. इतकं सोपं असेल असं तिला वाटलं नव्हतं, आणि तेच मेलं भयंकर होतं. वाचून झाल्यावर तात्यांनी सही कुठं करायची ते विचारलं. तिनं त्यांचं बोट धरून ओळीवर टेकवलं. सहा प्रती, सहा सह्या. डोळे मिटून मांजरानं दूध प्यावं तशी ती चोर झाली होती, आणि पकडणारं घरात कुणी नव्हतं.

वाटलं, सुटले. कसलं सुटतेय. तात्यांनी ती गोष्ट येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला सुरुवात केली. दूधवाल्या पिराजीला सांगितलं, खालच्या सायकलवाल्या गणपतरावांना सांगितलं, डोळ्याच्या डॉक्टरांना तपासणीच्या खुर्चीत बसून सांगितलं. "लेव्हीन एकशे एकतीस वेळा खोटं बोलला. सुनेनं पकडलं." गणपतराव म्हणाले, "मग पोलिसात द्या की त्येला." तात्या पोट धरून हसले. नंदिनी आत भाजी चिरत होती. तिचं बोट कापलं.

मग त्यांनी पत्र सांगायला घेतलं. प्रबंध तपासायला पुण्याचे एक जुने प्राध्यापक नेमले गेले होते, तात्यांच्या ओळखीचे. "लिही," तात्या म्हणाले, "प्रिय मित्र, माझ्या विद्यार्थिनीनं दाखवून दिलं आहे की लेव्हीनची कसोटी चारशेपैकी एकशे एकतीस वेळा चुकते, तर बार्टलेटची फक्त एकोणीस वेळा. पाचवं प्रकरण मुद्दाम बघावं."

नंदिनीची लेखणी अडली. हे असंच लिहिलं तर पुण्याचा माणूस प्रबंध उघडून बघणार, पत्रात एक आणि प्रकरणात उलटं. म्हणणार, मार्गदर्शकानं प्रबंध वाचलेलाच नाही. तात्यांची शोभा होणार ती वेगळीच. पत्र टाकलंच नाही तर? तात्या रोज विचारणार, उत्तर आलं का. तेव्हा तिनं नावांची पुन्हा अदलाबदल केली आणि प्रबंधात होतं तेच लिहिलं. खालती तात्यांनी चाचपडत सही केली. नृसिंहानं ऑफिसला जाता जाता ते पत्र पेटीत टाकलं.

मार्चमध्ये तात्यांचे डोळे कापले. डावा गेलाच. उजव्यानं उजेड कळे, खिडकी कळे, माणूस आलं की गेलं एवढं कळे. अक्षर कधीच कळणार नाही, असं डॉक्टरांनी नृसिंहाला बाहेर बोलावून सांगितलं. नृसिंह घरी आला आणि नंदिनीला म्हणाला, "आता तूच बघ बाई त्यांचं वाचन-लिखाण. माझं इंग्रजी म्हणजे तुला माहितीच आहे." ती हो म्हणाली.

एप्रिलमध्ये तोंडी परीक्षा लागली. विभागातली मोठी खोली, चार-पाच प्राध्यापक, मागच्या बाकांवर विद्यार्थी. नृसिंह रजा टाकून तात्यांचा हात धरून आला होता. तात्यांनी हिरवा चष्मा लावला होता, धुवट धोतर नेसलं होतं, आणि मार्गदर्शक म्हणून ते पुण्याच्या परीक्षकांच्या शेजारच्या खुर्चीत ताठ बसले होते. नंदिनी फळ्यापाशी. तिला रात्रभर एकच आशा होती, की पाचव्या प्रकरणाबद्दल नावं न घेता विचारतील.

परीक्षकांनी प्रश्न विचारलाच नाही. त्यांनी पिशवीतून एक कागद काढला.

"मुलीचं काम उत्तम आहे, त्याबद्दल पुढं बोलू," ते म्हणाले. "पण आधी मला सगळ्यांसमोर आजरेकरांबद्दल बोलायचंय. या माणसानं बार्टलेटच्या कसोटीवर नाव मिळवलं. आणि आज हेच गृहस्थ मला स्वतःच्या सहीनं लिहितात की बार्टलेटची कसोटी चारशेपैकी एकशे एकतीस वेळा चुकते, लेव्हीनची फक्त एकोणीस वेळा, पाचवं प्रकरण मुद्दाम बघा. त्या प्रकरणात काय आहे? कोडोलीबद्दलचा त्यांचाच निष्कर्ष चुकीचा होता, ते देवाच्या रव्यांमुळं झालं, असं स्पष्ट लिहिलंय. स्वतःची चूक स्वतःच्या सुनेच्या प्रबंधात छापून घ्यायला छाती लागते. मी चाळीस वर्षांत असा शिक्षक पाहिला नाही."

कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनी वाजवली. मागची पोरं बाकं बडवायला लागली.

नंदिनी तात्यांकडे बघत होती. त्यांचा चेहरा परीक्षकांच्या आवाजाकडे वळलेला होता. तो सावकाश तिच्याकडे वळला, म्हणजे ती जिथं उभी असावी असं त्यांना वाटलं तिकडं. दोन हात चुकून, खिडकीकडे. ओठ एकदा हलले. तिला वाटलं आता बोलतील, आता सगळं संपेल, आणि खरं सांगते, त्या क्षणी तिला ते हवंही होतं. एकदा उघडं पडावं आणि मोकळं व्हावं.

"आजरेकर, मार्गदर्शक म्हणून आपल्याला काही म्हणायचंय?" परीक्षकांनी विचारलं.

तात्या उठून उभे राहिले. टाळ्या थांबल्या. "या प्रकरणाचं वाचन माझ्यासमोर झालेलं आहे," ते म्हणाले. "माझी काही हरकत नाही." आणि खाली बसले.

पुढचं सगळं वीस मिनिटांत उरकलं. पदवी द्यावी अशी शिफारस झाली, पेढे वाटले गेले. जो तो तात्यांचा हात हातात घेऊन हलवत होता. नंदिनीच्या मनात आलं, आकारामचं खोडलं गेलं. पण खोडलं गेलं ते इंग्रजीत, सहा प्रतींत, ग्रंथालयाच्या कपाटात. कोडोलीला जाऊन सांगायला हवं. आणि सांगायचं काय, की कुणी खोडलं?

रिक्षात तिघं होती. नृसिंहाला काहीतरी कळलं होतं, पण काय ते कळलं नव्हतं. तो दोघांच्या मध्ये बसून पेढ्यांचा पुडा सांभाळत होता. घरी माईंनी नंदिनीला ओवाळलं, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "ह्यांच्यामुळं हो सगळं." मग तात्यांना ओवाळायला गेल्या. तात्यांनी मान खाली केली.

आरती झाल्यावर ते आपल्या खुर्चीत बसले. "पाचवं प्रकरण आण," म्हणाले.

नंदिनीनं आणलं. त्यांच्या पायाशी पाटावर बसली आणि म्हणाली, "तात्या, मी तुम्हाला सांगणार होते. मला माफ करा. मला धीर झाला नाही."

"ते मला कळतं," तात्या म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "मी तुझ्या जागी असतो तर मलाही झाला नसता. काम चांगलं आहे, नंदू. ऐकल्यावर लगेच पटलं मला. देवाचा रवा. मी देशी ऐकलं. किती साधी चूक. तू सांगितलं असतंस तर आपण दोघं बसून हसलो असतो." त्यांनी हिरवा चष्मा काढून मांडीवर ठेवला. "बहुतेक. आता वाच. नृसिंहा, तू तिच्या मागं उभा राहा आणि पुस्तकात बघ."

"मला काय कळणार त्यातलं, तात्या?"

"कळायचं काही नाही. ती वाचेल ते तिथं लिहिलेलं आहे का, एवढंच बघायचं."

नृसिंह नंदिनीच्या मागं येऊन उभा राहिला. त्याचं बोट पानावर तिच्या बोटाच्या खाली आलं. तिनं वाचलं. देवाच्या रव्याचा परिच्छेद, पहिल्या शब्दापासून. वाक्य संपलं की तात्या हात वर करायचे आणि ती थांबायची.

"नृसिंहा?"

"हो, तात्या. तेच आहे."

"पुढं."

बार्टलेटच्या कसोटीनं चारशेपैकी एकशे एकतीस वेळा.

"नृसिंहा?"

"हो. बार्टलेटच लिहिलंय."

एकोणीस पानांना अडीच तास लागले. शेवटच्या पानावर तात्यांनी "छान झालंय" म्हटलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि पेढा मागून खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नंदिनी चहा घेऊन आली. रोजच्यासारखं तिनं वर्तमानपत्र उलगडलं, खुर्चीशेजारी बसली आणि पहिला मथळा वाचायला तोंड उघडलं.

"थांब जरा," तात्या मऊपणानं म्हणाले. "नृसिंहाची आंघोळ होऊ दे."